चाळीस कार्डं आणि पिंप्राळ्याची खिडकी

"मॅडम, सोल्डरिंग तुम्ही स्वतः करता, की करून घेता?"

पुण्याहून आलेल्या सल्लागारांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा मी पिंप्राळ्यातल्या एका घराच्या खिडकीला पडदा लावत होते. म्हणजे मनातल्या मनात. प्रत्यक्षात मी जळगावच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत, मांडीवर फाइल धरून, इंटरव्ह्यूच्या खुर्चीत बसले होते. जागा इंजिनिअरिंग मॅनेजरची होती. बाहेर बाकावर आणखी दोन उमेदवार बसले होते. आणि माझं चाललं होतं, पडदा निळा घ्यावा की चॉकलेटी.

"स्वतः करते," मी जागी होऊन म्हणाले. "आणि कुणाहीपेक्षा चांगलं करते."

सल्लागारांनी वहीत काहीतरी लिहिलं. माझं उत्तर त्यांना फार आवडलं, अशी माझी खात्री झाली.

मला लहानपणापासून जागेपणी स्वप्नं बघायची खोड आहे. सोनगीरला शाळेत असताना मी खिडकीतून किल्ल्याकडे बघत बसायचे आणि गुरुजी हजेरीला माझं नाव तीनतीनदा पुकारायचे. इंजिनिअर झाले तरी खोड गेली नाही. उलट धंद्यात तिचा उपयोगच झाला. अख्खं सर्किट मला कागदाशिवाय डोळ्यांपुढे दिसायचं, वीज कुठून शिरते, कुठे अडते, कुठून बाहेर पडते, सगळं. पण इंटरव्ह्यूच्या दिवशी माणसानं जरा जमिनीवर असावं. त्या दिवशी मी नव्हते, आणि त्याला कारण होतं.

ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. तेव्हा मी धुळ्याला एका छोट्या कारखान्यात सीनियर इंजिनिअर होते. आम्ही व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवायचो. बाहेरची वीज कमीजास्त झाली तरी आतल्या यंत्राला ती सारखीच पोचवणारी पेटी, एवढं समजलं तरी पुरे. बारा वर्षं मी त्या पेट्यांच्या संगतीत काढली होती. माझा नवरा मिलिंद भुसावळजवळच्या दीपनगरला, वीज केंद्रात शिफ्ट ड्युटीवर. तो तिकडे क्वार्टरमध्ये, आणि मी, माझी आई आणि आमची पाच वर्षांची मुक्ता इकडे धुळ्यात. भेट रविवारी, तीही त्याची शिफ्ट जमली तर. तीन-तीन आठवडे जमायची नाही. मग तो दारात उभा राहिला की मुक्ता आधी माझ्यामागे लपायची. पाहुणा आल्यासारखी. तो हसून बॅग खाली ठेवायचा, पण त्याचा चेहरा मला बघवायचा नाही.

जळगावला नोकरी मिळाली तर हा सगळा प्रकार संपणार होता. मी एमआयडीसीत जाईन, तो भुसावळच्या गाडीनं दीपनगरला जाईल, आणि रोज तिघं-चौघं एका छपराखाली जेवू. जळगावलगतच्या पिंप्राळ्यात आम्ही एक घर बघूनही ठेवलं होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे शेवग्याचं झाड. मागच्या खोलीला पूर्वेकडे खिडकी. घरमालकीणबाई म्हणाल्या होत्या, "दहा तारखेपर्यंत थांबते, त्यापुढे नाही." मिलिंदची नाइट शिफ्ट असली की तो दिवसा झोपणार, म्हणून त्या खिडकीला जाड पडदा हवा. तो मी इंटरव्ह्यूत लावत होते.

इंटरव्ह्यू चालू राहिला. कंपनीचे मालक चौधरीसाहेब फारसं बोलत नव्हते. प्रश्न सल्लागार विचारत होते. कंपनी ठिबक सिंचनाचे टायमर बनवायची. केळीच्या बागेत कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, कधी बंद करायचा, हे लक्षात ठेवणारं यंत्र. आत एक इलेक्ट्रॉनिक कार्ड, म्हणजे तळहातापेक्षा थोडी मोठी हिरवी पाटी आणि तिच्यावर सोल्डरनं जोडलेले बारीक बारीक भाग. त्या काळात आमच्या भागात असं काम करणारी कंपनी म्हणजे मोठं अप्रूप. मी मायक्रोप्रोसेसरवर बोलले, रिलेवर, म्हणजे विजेनं चालणाऱ्या खटक्यावर बोलले, फळ्यावर सर्किट काढून दाखवलं. एकही प्रश्न चुकला नाही. सल्लागार खूष होते. मनात खिडकीला पडदा लागला होता आणि मी आता मुक्ताच्या दप्तरासाठी खुंटी शोधत होते.

"चला," चौधरीसाहेब उठले. "शॉप फ्लोअर बघून येऊ."

शॉप फ्लोअर म्हणजे प्रत्यक्ष काम चालतं ती जागा. लांब पत्र्याचा हॉल, मधोमध एक लांबलचक टेबल, त्याच्या दोन्ही बाजूंना बारा बायका, प्रत्येकीच्या हातात सोल्डरिंग आयर्न. सोल्डरबरोबर जळणाऱ्या रोझिनचा, म्हणजे राळेचा, गोडसर धूर वर चढत होता. मला तो वास फार आवडतो. कुणाला मोगरा आवडतो, मला रोझिन. टेबलाच्या टोकाला पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. चष्म्याला दोरी, पदर खोचलेला, मनगटावर जुन्या भाजल्याचे दोन डाग.

"या इंदूअक्का," चौधरीसाहेब म्हणाले. "हे टेबल यांचं." मग अक्कांपुढच्या ट्रेकडे बोट दाखवलं. "या आठवड्यात टेस्टिंगला चाळीस कार्डं फेल झाली. सगळ्यांचा आजार एकच, रिले कधी लागतो, कधी लागत नाही. बघा तुम्हाला काय वाटतं."

एवढंच म्हणाले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. सल्लागारही हाताची घडी घालून उभे राहिले.

आता इथे थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं माझं वागणं नुसतं आगाऊपणाचं वाटेल. आगाऊपणा होताच, पण त्याला इतिहास होता. मी पहिल्या नोकरीवर हजर झाले त्या दिवशी वरिष्ठांनी मला सरळ रिसेप्शनची खुर्ची दाखवली होती. इंजिनिअर म्हणून आलेय हे सांगितल्यावर, "टेस्टर धरता येतो का?" असं विचारलं होतं. तेव्हापासून बारा वर्षं मी एकच धोरण ठेवलं. तोंडानं वाद घालायचा नाही, हातानं करून दाखवायचं. बिघाड दिसला की बाकीचे चर्चा करेपर्यंत मी पेटी उघडून मोकळी. लोक हळूहळू गप्प झाले. त्या गप्प होण्याची मला चटक लागली होती, हे आता कबूल करते.

मी ट्रेमधलं एक कार्ड उचललं, भिंगाखाली धरलं. अर्ध्या मिनिटात सापडलं. रिलेच्या पायाशी ड्राय जॉइंट होता. सोल्डर नीट वितळून पसरलं की सांधा चमकतो. वितळलंच नाही तर ते नुसतं वर बसून राहतं, राखाडी, निस्तेज. बाहेरून जोडल्यासारखं दिसतं, आतून धरलेलं नसतं. वीज कधी जाते, कधी जात नाही. याला ड्राय जॉइंट म्हणतात.

"ड्राय जॉइंट," मी मोठ्यानं म्हणाले.

इंदूअक्का आयर्न हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. "ताई," त्या म्हणाल्या, "ते काय शे ना..."

"एक मिनिट हं, अक्का," मी म्हणाले, आणि त्यांच्या हातातलं आयर्न घेतलं.

आम्हा लोकांत आयर्न असं कुणाच्या हातातून घेत नाहीत. त्याच्या टोकाला तांब्याचा बिट असतो. प्रत्येक जण तो आपल्या हाताच्या वळणाप्रमाणे कानशीनं घासून घेतो. दुसऱ्याचं आयर्न म्हणजे दुसऱ्याची चप्पल. हे मला माहीत नव्हतं असं नाही. धुळ्यात माझ्या आयर्नला कुणी हात लावला तर मी अख्खं डिपार्टमेंट डोक्यावर घ्यायचे.

सांधा वितळायला जरा वेळ लागला. आयर्न नेहमीपेक्षा दुप्पट वेळ टेकवून धरावं लागलं. डोक्यावरचा बल्ब पिवळा पडला होता आणि टेबलावर मंद, मऊ उजेड पसरला होता. मला तो उजेड इतका आवडला! पिंप्राळ्याच्या स्वयंपाकघरात दिवेलागणीला असाच उजेड पडेल, मी पोळ्या लाटत असेन, मिलिंद ओट्यावर मुक्ताला घेऊन बसलेला असेल, आणि ती त्याच्या खांद्यावर बिनधास्त रेललेली असेल. हात सोल्डर करत होता, मी तिकडे होते. शेवटी सोल्डर पाघळलं. मी कार्ड टेस्टरवर लावलं. हिरवा दिवा लागला, रिले टक्कन वाजला. बंद केलं, चालू केलं. टक्. पुन्हा टक्.

"वा!" सल्लागार म्हणाले.

मी आयर्न अक्कांसमोर स्टँडवर ठेवलं. "झालं," म्हणाले. टेबलावरच्या बायकांनी माझ्याकडे बघून पुन्हा माना खाली घातल्या. चौधरीसाहेब माझ्याकडे बघतच नव्हते, ते अक्कांकडे बघत होते. मालक माणूस, हिशेबी असतो, कौतुक तोंडावर करत नाही, असा मी अर्थ लावला.

निकाल तीनला कळणार होता. तोवर मी बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर बसून डबा उघडला. आईनं कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला होता. बाकीच्या दोन उमेदवारांतला एक मुंबईचा होता, टाय लावलेला. तो गाडी गाठायची म्हणून निघून गेला. राहिले वाणीसाहेब. पंचावन्नच्या आसपासचे, साखर कारखान्यात मीटर-यंत्रांच्या देखभालीत आयुष्य गेलेलं, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक टेस्टर. फ्लोअरवरून ते पाऊण तासानं बाहेर आले होते. मी त्यांना अर्धी भाकरी दिली. ती त्यांनी निवांत खाल्ली.

"कसं झालं?" मी विचारलं.

"काय कसं, ताई? मला ते मायक्रोप्रोसेसरचं फारसं कळत नाही हो. तसं सांगून टाकलं त्यांना."

"आणि ती कार्डं?"

"ती अक्कांनाच विचारली. त्या बऱ्याच बोलल्या. मी आपला स्टुलावर बसून ऐकत होतो. चहाही पाजला त्यांनी."

मला त्यांची कीव आली. खरंच आली. एवढ्या वयात इंटरव्ह्यूला यायचं, आणि चहा पिऊन परत जायचं. मी त्यांना ठेचाही वाढला. मग पाठ टेकून डोळे मिटले आणि सामान हलवायला घेतलं. धुळ्याहून टेम्पो आला. आईची पेटी आधी उतरवली. शिलाई मशीन ओट्यावरच ठेवलं, कारण दारातून आत जाताना ते तिरपं करावं लागत होतं. शेवग्याची सावली भिंतीवर हलत होती. ओळखीपाळखीच्यांना, सोनगीरच्या नातेवाइकांना कसं कळवायचं, तेही ठरवलं. पोस्टकार्डावर खाली सही आणि सहीखाली इंजिनिअरिंग मॅनेजर.

तीन वाजता चौधरीसाहेबांनी आत बोलावलं. सल्लागार नव्हते. ते एकटेच होते.

"संध्याताई," ते म्हणाले, "तुमच्याइतकं सर्किट कळणारं माणूस मी या भागात पाहिलेलं नाही."

मी हसले. पुढचं वाक्य काय असेल ते मला माहीतच होतं.

"मॅनेजर म्हणून वाणीसाहेबांना घेतोय."

माझं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. ते कसं काढतात ते मला कळेना.

"त्यांना मायक्रोप्रोसेसर येत नाही," मी म्हणाले. आवाज चढला होता. "ते स्वतःच म्हणाले."

"हो, मलाही म्हणाले."

"मग? कार्ड मी चालू करून दाखवलं. तुमच्या डोळ्यांसमोर."

"दाखवलंत. एक. राहिलेली एकोणचाळीस?"

"तीही केली असती."

"केली असती, मान्य. उद्या आणखी दहा फेल झाली असती, तीही तुम्ही केली असती. पण ताई, सांधे ड्राय का होत होते?"

का होत होते, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता.

चौधरीसाहेबांनी सावकाश सांगितलं. सकाळी अकरानंतर आसपासच्या शेतांत पंप सुरू होतात. गहू, हरभऱ्याचे दिवस, सगळ्यांना पाणी द्यायचं असतं. मग एमआयडीसीचं व्होल्टेज पडतं. आयर्न चालू असतं, पण पुरेसं तापत नाही. सोल्डर अर्धवट वितळतं. फेल झालेलं प्रत्येक कार्ड अकरानंतर बनलेलं होतं. हे इंदूअक्कांनी आदल्या दिवशीच हेरलं होतं आणि मालकांना सांगितलं होतं. म्हणूनच तो ट्रे आम्हा उमेदवारांना पारखायला मुद्दाम टेबलावर ठेवला होता.

मी खुर्चीत बसले होते आणि कान तापत चालले होते. बारा वर्षं. बारा वर्षं मी व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवत होते. पडलेलं व्होल्टेज हेच तर माझं पोटपाणी. बल्ब पिवळा पडला होता, आयर्न दुप्पट वेळ धरावं लागलं होतं, दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या हातात. त्या उजेडात मी पोळ्या लाटत बसले होते. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

"आमच्याकडे एक पद्धत आहे," चौधरीसाहेब म्हणाले. "माणूस घ्यायचा तर टेबलाला विचारतो. रोज त्याच्याबरोबर त्यांना बसायचंय, मला नाही. अक्कांना विचारलं, या ताई कशा वाटल्या?"

"काय म्हणाल्या?"

ते अक्कांच्याच बोलीत म्हणाले, "'ताई भलत्या हुशार शेतस. पण मी सांगनार व्हती, तं त्यासनी मन्हा हातमाईन आयर्नच लि लिधं.'"

त्या सांगणार होत्या, आणि मी त्यांच्या हातातलं आयर्नच काढून घेतलं होतं.

"सीनियर इंजिनिअरची जागा आहे," ते म्हणाले. "वाणीसाहेबांच्या हाताखाली. डिझाइनचं काम. तुम्ही आलात तर मला आनंद होईल."

"मी मॅनेजरच्या जागेसाठी आले होते," मी म्हणाले. "कळवते." आणि फाइल उचलून बाहेर पडले. दार जरा जास्तच जोरात लागलं. ते वाऱ्यानं लागलं, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत असे.

फाटकाजवळ नळावर इंदूअक्का हात धूत होत्या. मला टाळून जाता आलं असतं, पण त्यांनीच हाक मारली.

"ताई, राग उना का?"

"नही वं अक्का, राग कशाले," माझ्या तोंडून निघून गेलं.

अक्कांनी हात धुवायचे थांबवले. "तुम्हले आपली बोली येस? गाव कोनतं तुम्हनं?"

"सोनगीर."

"अरे! मंग सकायले काबरं नही बोलन्यात?"

सकाळी का नाही बोललात, एवढंच त्या विचारत होत्या. धुळ्यात कॉलेजात आल्यावर पहिल्या महिन्यात मी अहिराणी गुंडाळून ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं. वर्गात मुलं हसली होती, तेवढं पुरलं. तेव्हापासून ऑफिसात ऑफिसची मराठी आणि घरी आईशी आपली बोली, असं चाललं होतं. सकाळी मी त्या टेबलापाशी इंजिनिअर म्हणून उभी होते. अक्कांशी त्यांच्या बोलीत बोलले असते तर मी त्यांच्यातली एक दिसले असते, आणि तेच मला नको होतं. हे त्यांना कसं सांगणार? मी नुसती मान हलवली.

"एक मिनिट थांबाले पाहिजे व्हतं," अक्का पदराला हात पुसत म्हणाल्या. "मी सांगनारच व्हती." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळे जास्तच लागलं.

साडेचारची धुळे गाडी मिळाली. खिडकीची जागा मिळाली. सूर्य पुढे होता, काचेतून सरळ डोळ्यांवर येत होता. कापसानं भरलेल्या बैलगाड्या रस्त्याच्या कडेनं जळगावकडे चालल्या होत्या, त्यांच्यातून सुटलेला कापूस बाभळींना अडकून राहिला होता. पहिली दहा मिनिटं मी मनातल्या मनात चौधरीसाहेबांशी भांडले. सगळे मुद्दे जिंकले. पाळधीच्या पुढे गाडीनं लय धरली, डोळे जड झाले, आणि सवयीप्रमाणे मी पुन्हा पिंप्राळ्याच्या घरात गेले.

खरं तर जायला नको होतं. ते घर आता कुठलं मिळायला. पण पाय तिकडेच वळले. ओटा चढले, दार लोटलं. मागच्या खोलीत जाड पडदा ओढलेला होता, चॉकलेटी. मिलिंद नाइट करून आलेला, भिंतीकडे तोंड करून गाढ झोपला होता. मुक्ता पाटीवर काहीतरी काढत त्याच्या पायाशी बसली होती आणि मला बघून तिनं तोंडावर बोट ठेवलं. बाबा झोपलेत. आई अंगणात शेंगा तोडत होती. मी एकेका खोलीतून फिरले. सगळं होतं. खुंटी होती, दप्तर होतं, मशीन ओट्यावर होतं. पण सबंध घरात मॅनेजर कुठे नव्हती. आठवडाभर मी ते घर मांडत होते, खिळान् खिळा ठोकला होता, आणि त्या पदासाठी एक कोपराही ठेवायचं मला सुचलं नव्हतं. ते फक्त पोस्टकार्डावर होतं, सोनगीरच्या लोकांसाठी.

गाडी हिसका देऊन थांबली. एरंडोल. कंडक्टर ओरडला, "दहा मिनिटं!"

मी उतरले. स्टँडसमोर एसटीडीचा बूथ होता. फाइलवर कंपनीचा नंबर होता. काय बोलायचं ते न ठरवताच फिरवला. चौधरीसाहेबांनीच उचलला.

"मी संध्या. सकाळची."

"बोला, ताई."

"मी येते. सीनियर इंजिनिअर म्हणूनच."

ते म्हणाले, "छान. थांबा, मॅनेजरना विचारतो."

"म्हणजे?"

"वाणीसाहेबांना. आता तुमचे साहेब ते. इथंच फ्लोअरवर आहेत. दुपारपासून तिथून हलले नाहीत."

त्यांनी फोन बाजूला ठेवला. मला दार उघडल्याचा आवाज आला, मग फ्लोअरचा आवाज, स्टूल सरकल्याचा, कुणीतरी हसल्याचा. कानाशी रिसीव्हर दाबून मी उभी राहिले. काचेतून दिसत होतं, कंडक्टर गाडीपाशी चहा पीत होता. ज्यांना मी दुपारी कीव येऊन भाकरी दिली होती, ते आता माझं ठरवणार होते.

मग लांबून वाणीसाहेबांचा आवाज आला. "माझी काय हरकत असणार? ठेचा खाल्लाय मी त्यांचा. पण बसायचं टेबलाबरोबर आहे. टेबलाला विचारा."

चौधरीसाहेबांनी विचारलेलं मला नीट ऐकू आलं नाही. कंडक्टरनं ग्लास ठेवला. ड्रायव्हर चढला. हॉर्न वाजला. बूथवाला माझ्याकडे बघायला लागला, आणि मी त्याला हातानं थांब म्हणून खुणावत राहिले. गाडी गेली असती तरी मी हलले नसते.

"कोन, ती सोनगीरनी?" अक्कांचा आवाज ओळखू आला. मग त्या म्हणाल्या, "येऊ द्या तिले. शिकी जाई."

पदवी आणि बारा वर्षांचा अनुभव होता, शिफारशीची दोन पत्रंही होती. नेमणूक झाली ती त्या दोन शब्दांवर. शिकून जाईल. गाडीत बसून मी पारोळ्यापर्यंत रडले आणि त्यापुढे शांत झोपले.

दहा तारखेच्या आत आम्ही पिंप्राळ्याला आलो. मुक्तानं बापामागे लागून पहिल्या आठवड्यातच त्याची दिवसाची झोप पार उडवली, पडद्याचा काही उपयोग झाला नाही. कंपनीत वाणीसाहेबांचा मला पहिला हुकूम निघाला तो टेबलाच्या लाइनवर स्टॅबिलायझर बसवायचा. तो मी बनवला. बनवण्याआधी आयर्नला किती व्होल्ट लागतात ते अक्कांना विचारलं. त्यांना आकडा माहीत नव्हता, पण आयर्न बरोबर तापलं की हाताला कसं लागतं ते त्यांनी पंधरा मिनिटं सांगितलं, आणि ते मी अहिराणीत, स्टुलावर बसून, पूर्ण ऐकलं. सोपं गेलं नाही. तीनदा माझा हात पुढे झाला.

पुढे चार वर्षांनी वाणीसाहेब निवृत्त झाले आणि ती खुर्ची मला मिळाली. त्या वेळीही टेबलाला विचारलं होतं. काय उत्तर मिळालं ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

नवे इंजिनिअर मला विचारतात, मॅडम, मॅनेजर व्हायला काय यावं लागतं? मी सांगते, तुमच्या हाताखालचं काम तुम्हाला यायलाच हवं, त्याशिवाय कुणी उभं करत नाही. पण समोरचा बोलत असला तर त्याचं वाक्य संपेपर्यंत हात मागे ठेवता आले पाहिजेत. त्यांना वाटतं मी काहीतरी सोपं सांगितलं. मला चार वर्षं लागली.